जर्मन लष्करी खंजीर : पात्यावर दोन शिक्के म्हणजे दुर्मीळ, की गडबड?

भंडारदरा
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन भूदलाच्या (जर्मन भाषेत 'हेर') अधिकाऱ्याचा खंजीर म्हणून एक वस्तू विकायला आली आहे. फोटोंत दिसतं ते असं : नारिंगी पीळदार मूठ, क्रॉसगार्डवर (मूठ आणि पातं यांमधला आडवा भाग) पंख पसरलेला गरुड, मोगऱ्यावर (मुठीच्या टोकाची टोपी) ओकची पानं, दाणेदार म्यान, म्यानाला दोन पट्ट्या आणि दोन कड्या. पात्याच्या एका बाजूला तलवार धरलेली खार, म्हणजे आयकहॉर्न कारखान्याचं चिन्ह, आणि 'ओरिजिनल आयकहॉर्न, झोलिंगेन' (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर). दुसऱ्या बाजूला आरझेडएमचा गोल शिक्का आणि 'एम ७/६६'. विक्रेत्याचं म्हणणं, दोन्ही शिक्के असलेले नग फार कमी, म्हणून किंमत चढी. शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीतल्या एका जवानाने १९४५ साली इटलीतून आणलाय असंही सांगतो.

फोटोंवरून काय ठरवता येईल? आणि वस्तू हातात आल्यावर नेमकं काय, कोणत्या क्रमाने तपासावं?

पोलाद
आरझेडएम वाचलं आणि तिथेच थांबलो.

आरझेडएम हे नाझी पक्षाचं साहित्य-नियंत्रण कार्यालय. एसए (पक्षाचं निमलष्करी दल), एसएस, एनएसकेके (मोटार दल), हिटलर युथ अशा पक्षाच्या संघटनांचं सामान बनवायला ते परवाने द्यायचं. 'एम ७' हा धारदार वस्तूंचा गट आणि त्यापुढचा आकडा कारखान्याचा : ६६ आयकहॉर्न, ४२ डब्ल्यूकेसी, ३७ रॉबर्ट क्लास, ३६ होर्स्टर, ३३ होलर. भूदल या कार्यालयाच्या हाताखाली नव्हतं. भूदलाचा अधिकारी आपला खंजीर स्वतःच्या पैशाने दुकानातून घ्यायचा. त्यामुळे हेरच्या खंजिरावर आरझेडएम असण्याचं कारणच नाही. खार आणि आरझेडएम एकत्र सापडतात, पण एसएच्या मधल्या काळातल्या पात्यांवर. नक्कल करणाऱ्याने तिथला शिक्का उचलून इथे लावलाय. दुर्मीळ वगैरे काही नाही.

टिकलू
पातं एसएच्या खंजिरातून काढून हेरच्या मुठीत बसवलं असेल तर?

पोलाद
@टिकलू, बसणार नाही. एसएचं पातं रुंद, भाल्याच्या आकाराचं, मधोमध उंच कणा असलेलं, आणि त्यावर 'आलेस फ्युअर डॉइचलांड' (सर्व काही जर्मनीसाठी) हे घोषवाक्य. हेरचं पातं अरुंद, निमुळतं, साधारण २५-२६ सेंमी लांब आणि बहुतेकदा कोरं. हेरच्या म्यानात एसएचं पातं शिरणारच नाही.

माझा आग्रह असा की शिक्का सर्वांत शेवटी बघावा. खंजिरातली सगळ्यांत स्वस्तात नक्कल होणारी गोष्ट तीच. पात्याचं घासकाम, टँग (पात्याचा मुठीत शिरणारा भाग), सुट्या भागांची एकमेकांशी बैठक, ही कारागिरी नक्कल करायला महाग पडते, म्हणून खरं-खोटं तिथे कळतं.

आर्या_के
म्हणजे शिक्का नसला तरी चालेल?

मूठ-म्यान
चालतं. कारखान्याचं नाव नसलेली अस्सल पाती भरपूर आहेत. उलट नवशिक्यांना खार आवडते म्हणून कोऱ्या पात्यावर नंतर खार कोरून भाव वाढवलेले नगही बाजारात फिरतात. असा नग नव्वद टक्के खरा असतो, म्हणून जास्त फसवतो.

पोलाद
आता हातात आल्यावरचा क्रम. साहित्य : १० पट भिंग, व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन), लोहचुंबक, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, सुती हातमोजे, मऊ कापड. एवढं पुरतं.

आधी न उघडता. खंजीर म्यानात घाला, उलटा धरून हलकेच हलवा. म्यानाच्या आत पात्याला दाबून धरणाऱ्या पट्टीच्या स्प्रिंग असतात, त्यामुळे पातं खुळखुळत नाही आणि सहज गळूनही पडत नाही. पातं पूर्ण आत गेल्यावर क्रॉसगार्ड आणि म्यानाचं तोंड यांत वाकडी फट दिसली तर दोन्हींची जोडी मूळची नाही.

मग मोगरा उघडा. तो टँगच्या टोकावरच्या आट्यांवर बसतो. क्रॉसगार्ड कापडात धरायचा आणि मोगरा हाताने डावीकडे फिरवायचा. पक्कड नको. पक्कडीचे दात ओकच्या पानांवर कायमचे उमटतात. सुटत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब काडीने आट्यांच्या सांध्यावर, आणि रात्रभर ठेवा. तेल मुठीवर ओघळू देऊ नका. भाग या क्रमाने निघतात : मोगरा, मूठ, मुठीखालचं कडं, क्रॉसगार्ड, चामड्याची चकती, पातं. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, नाहीतर परत जोडताना क्रॉसगार्ड उलटा बसतो.

पातं आणि टँग एकाच पोलादातून घडवलेले हवेत. टँग हळूहळू निमुळता होत जातो आणि शेवटी त्याच्यावरच आटे पाडलेले असतात. स्वस्त नकलेत पात्याला छोटं बूड असतं आणि त्याला बाजारातला आट्यांचा गज वेल्डने जोडलेला असतो. वेल्डची गाठ घासून सपाट केली तरी तिथे रंग बदललेला दिसतो. एवढं दिसलं की पुढची तपासणी फक्त सुटे भाग वाचवायला.

धातुशाळा
धातूबद्दल भर घालतो. चुंबक उपयोगी आहे, पण त्यावर निकाल देऊ नका. जर्मन सिल्व्हर (तांबं, निकेल, जस्त), पितळ, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मिश्रधातू, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. युद्धाआधीच्या चांगल्या नगांत जर्मन सिल्व्हर किंवा मुलामा दिलेलं पितळ, नंतर हलका जस्त-मिश्रधातू आणि त्यावर पातळ मुलामा. अस्सल असूनही जस्ताच्या क्रॉसगार्डवर मुलाम्याला फोड येतात, तो उडतो आणि खालून मळकट राखाडी दिसतं. हे वयाचं लक्षण आहे. घाबरून नवा मुलामा चढवून घेऊ नका, नग तिथेच मेला.

मुलाम्याचा रंग बघा. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर, आरशासारखी. नकलांत क्रोम फार.

साच्यातून काढलेल्या नकलेचा एक गुण तिला लपवता येत नाही. अस्सल भागावरून साचा घेऊन पितळ ओतलं की गोठताना ते साधारण दीड टक्का आकसतं. ८ सेंमी रुंद क्रॉसगार्ड मिलिमीटरभर लहान निघतो. त्याच नमुन्याच्या खात्रीच्या नगाची मापं हाताशी असतील तर व्हर्निअर एका मिनिटात सांगतो. भिंगाखाली गरुडाच्या पिसांच्या कडा बघा : साच्यातल्या नकलेत कडा वितळल्यासारख्या गोल, खाचांत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे आणि ते लपवायला कानसेचे ओरखडे.

मूठ-म्यान
@धातुशाळा +१. पण 'त्याच नमुन्याच्या' हे शब्द अधोरेखित करा. मोठ्या कारखान्यांचे गरुडाचे साचे स्वतःचे होते. आयकहॉर्नचा गरुड आणि डब्ल्यूकेसीचा गरुड शेजारी ठेवले तर डोकं, पंखांची ठेवण, हारातली पानं वेगळी दिसतात. पात्यावर खार आणि क्रॉसगार्ड दुसऱ्याच कारखान्याचा, तर नग जुळवाजुळवीचा.

पोलाद
इथे मी थोडा असहमत. झोलिंगेनमधले लहान कारखाने क्रॉसगार्ड, मोगरे, म्यानं दुसऱ्यांकडून तयार घ्यायचे आणि पात्यावर फक्त स्वतःचा शिक्का मारायचे. त्यांच्या बाबतीत 'परका' गरुड सापडणं स्वाभाविकच आहे. तुझा नियम आयकहॉर्न, डब्ल्यूकेसी, होर्स्टर, आल्कोसो यांना लावायचा, पन्नास माणसांच्या कारखान्याला नाही.

मूठ-म्यान
मान्य. मोठ्यांपुरता ठेवतो. पण मग भागांचा झिजेचा मेळ बघा. क्रॉसगार्ड घासून गुळगुळीत आणि मोगऱ्याची पानं कालच बनल्यासारखी, असा नग कोणत्याही कारखान्याचा असो, नंतर जोडलेला आहे.

रेवदंडा
मुठीबद्दल कोणीच बोललं नाही. हेरच्या बऱ्याच मुठी सेल्युलॉइडच्या, आत लाकूड किंवा प्लॅस्टरचा गाभा. पांढऱ्यापासून गर्द नारिंगीपर्यंत रंग दिसतात. उजेड आणि हवा लागून सेल्युलॉइड पिवळं होत जातं, पण जिथे झाकलेलं असतं तिथे कमी. म्हणून मूठ काढल्यावर कड्याखालचा भाग बघा : तो बाहेरच्यापेक्षा फिका हवा. आत-बाहेर एकच सपाट नारिंगी असेल आणि पिळाच्या खाचेतून साच्याची सरळ शिवण धावत असेल, तर आधुनिक रेझीन. वेगळ्या प्लॅस्टिकच्या भरीव मुठीही अस्सल असतात, त्यांना फिक्या पट्ट्याची कसोटी लावू नका.

सेल्युलॉइड कोरड्या कापडाने जोरात घासून लगेच हुंगलं तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला काही ठिकाणी दिसतो, तो अजिबात मानू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि एसीटोन, थिनर जवळही आणू नका, मूठ विरघळते.

टिकलू
यूव्ही टॉर्चने काय बघायचं?

रेवदंडा
कापड आणि दोरा मुख्यतः. मुठीला गुंडाळलेल्या चंदेरी गोंड्यात (पोर्तेपे) किंवा म्यान लटकवायच्या पट्ट्यांत निळापांढरा झगझगीत उजेड आला तर धाग्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे. ही रसायनं युद्धानंतर सर्रास झाली. नवा गोंद आणि नवा वॉर्निशही अशाच उजेडात वेगळे उठून दिसतात. पण गोंडा नवा म्हणून खंजीर खोटा ठरत नाही. गोंडे सहज बदलले जातात.

इसार
म्युनिकहून लिहितोय. एसएचा विषय निघालाच आहे तर : तो खंजीर १९३३ च्या शेवटी आला. आकार सोळाव्या शतकातल्या स्विस 'होल्बाइन' खंजिरावरून घेतलेला. सुरुवातीच्या नगांत क्रॉसगार्ड जर्मन सिल्व्हरचे, पात्यावर कारखान्याचं पूर्ण चिन्ह, आणि खालच्या क्रॉसगार्डच्या मागे एसएच्या विभागाचं अक्षर ठोकलेलं, जसं 'डब्ल्यूएफ' म्हणजे वेस्टफालेन. मग मधला टप्पा, चिन्ह आणि आरझेडएम दोन्ही. शेवटी नुसता आरझेडएम आणि आकडा, बऱ्याचदा साल धरून, आणि क्रॉसगार्ड मुलाम्याचे. म्हणून विभागाचं अक्षर असलेले जर्मन सिल्व्हरचे क्रॉसगार्ड आणि त्यांत १९४० सालचं पातं, हे दोन वेगळ्या खंजिरांचे तुकडे आहेत.

घोषवाक्य आम्लाने खाऊन काढलेलं. भिंगाखाली अक्षराचा तळ दाणेदार आणि गडद, कडा धारदार. लेझरच्या अक्षरात तळाला समांतर रेघा दिसतात. छपाई-पद्धतीच्या नकलेत तळ सपाट, फिका राखाडी आणि कडा कुरतडलेल्या.

पोलाद
त्यातच पात्याचं घासकाम बघायचं. झोलिंगेनच्या एसए-पात्यांवर बारीक रेघा लांबीच्या आडव्या, कण्यापासून धारेकडे जातात. नीट जपलेल्या पात्यावर प्रकाश तिरका टाकला की सगळा पृष्ठभाग एकसारखा झळकतो. नकलेत चाकाचे लांबीच्या दिशेने ओरखडे किंवा बफ मारून आणलेली चकाकी. कणाही टोकापर्यंत सरळ मध्यावर जायला हवा, हातघाईत घासलेल्या पात्याचा कणा शेवटच्या काही सेंमीत एका बाजूला सरकतो.

कौलारू
र्‍योमच्या खंजिरांबद्दल सांगा ना कोणी. एकाच्या पात्यावर मागे लेख आहे, नाव अर्धवट पुसलेलं.

इसार
एसएचा प्रमुख अर्न्स्ट र्‍योम याने १९३४ मध्ये 'इन हेर्त्सलिशर फ्रॉइंडशाफ्ट, अर्न्स्ट र्‍योम' (मनःपूर्वक मैत्रीने, अर्न्स्ट र्‍योम) असा लेख असलेले खंजीर वाटले. ३० जून १९३४ ला सुरू झालेल्या कारवाईत तो पकडला गेला, मारला गेला, आणि मग ही नावं घासून काढायचे आदेश आले. त्यामुळे पूर्ण लेख असलेला नग महाग, अर्धा पुसलेला मधला, पूर्ण घासलेला स्वस्त. साहजिकच पूर्ण घासलेल्यावर लेख पुन्हा कोरायचा धंदा चालतो. पकडायचं असं : घासताना त्या बाजूचं पोलाद कमी झालेलं असतं. व्हर्निअरने कण्यापाशी आणि दोन्ही उतारांवर जाडी घ्या. लेखाच्या पट्ट्यात पातं बशीसारखं खोलगट आणि लेख मात्र ताजा, पूर्ण, अशी जोडी असेल तर लेख नंतरचा. शिवाय मूळच्या आडव्या रेघा अक्षराच्या कडेशी कापल्या जातात. पुन्हा कोरलेल्यात घासल्याच्या नव्या रेघांवर अक्षर बसतं.

आर्या_के
नौदलाचा एक आहे ओळखीत, मोगरा गरुडाचा पण बाकी सगळं जुन्या वळणाचं. म्हणजे जुळवाजुळव?

मूठ-म्यान
नाही, नौदलात हे नियमाने घडलेलं आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वायमार काळापासून ज्वाळेच्या गोळ्याचा मोगरा होता, १९३८ मध्ये त्याजागी गरुडाचा आला, आणि अनेक अधिकाऱ्यांनी फक्त मोगरा बदलून घेतला. मोगऱ्याचे आटे टँगवर घट्ट, सरळ बसतात का आणि सोनेरी मुलाम्याची झीज वयाला शोभते का, एवढं बघा. क्रॉसगार्डमधलं म्यान अडकवायचं बटण चालतं का, तेही.

कायदेपंडित
जरा वेगळा मुद्दा. भारतात बाहेरून मागवणार असाल तर शस्त्र नियम २०१६ मधला प्रवर्ग ५ वाचा. त्यात खंजीर आहे, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्याही. आयातीला शस्त्र कायदा १९५९ च्या कलम १० खाली परवाना लागतो. कुरिअरच्या पाकिटावर 'शोभेची वस्तू' लिहिल्याने सुटका होत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची १०० वर्षांची अट १९३५ नंतरच्या नगांना अजून लागू होत नाही, पण पहिल्या महायुद्धातल्या संगिनींना होते.

इसार
जर्मनीत दंडसंहितेचं कलम ८६अ आहे. नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवता येत नाहीत, अभ्यास आणि शिक्षणासाठी अपवाद आहे. लिलावाच्या याद्यांत स्वस्तिक झाकलेलं असतं. झोलिंगेनच्या ग्रेफ्राथ भागात पात्यांचं संग्रहालय आहे, इकडे येणाऱ्याने जरूर पाहावं. अनेक शतकांची पाती शेजारी-शेजारी बघितली की घासकाम ओळखायला डोळा तयार होतो.

शाल्मली
धागा माहितीपूर्ण आहे, पण ज्या राजवटीने लाखो माणसं मारली तिच्या खुणा जमवाव्यात का, हा प्रश्न मला सोडत नाही.

पोलाद
@शाल्मली, प्रश्न योग्य आहे. माझं मत : ही वस्तू पुरावा आहे. पुसलेलं र्‍योमचं नाव त्या राजवटीचा अंतर्गत रक्तपात दाखवतं. पण दिवाणखान्यात मिरवायला किंवा त्या विचारांच्या कौतुकापोटी घेणाऱ्याला मी एक शब्दही मदत करत नाही. आणि खोटे नग बनवणारे याच कौतुकावर जगतात, म्हणून नकला उघड्या पाडणं मला महत्त्वाचं वाटतं.

टिकलू
नकला येतात कुठून?

मूठ-म्यान
युद्धानंतर झोलिंगेनमध्येच उरलेल्या भागांतून जोडलेले नग, १९६० च्या दशकात अमेरिकन बाजारासाठी. हे सर्वांत कठीण, कारण भाग खरे असतात. मग स्पेन, पूर्व युरोप, पाकिस्तान, आणि आपल्याकडेही देहरादूनसारख्या ठिकाणी नाटक-सिनेमासाठी उघडपणे प्रतिकृती म्हणून बनतात. बनवणारा प्रतिकृती म्हणूनच विकतो. मधला कोणीतरी मिठाच्या पाण्यात बुडवून, बूटपॉलिश चोळून ती 'जुनी' करतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा क्रॉसगार्डच्या खाचेत फिरवा (मुठीपासून लांब) : पॉलिश लगेच काळपट सुटतं, खरा मळ घट्ट बसलेला असतो. आणि गंज : खरा गंज चामड्याच्या चकतीपाशी, म्यानाच्या तोंडाशी, बोटं लागतात तिथे असतो. सगळ्या पात्यावर सारखा पसरलेला गंज बादलीतला.

कौलारू
इटलीच्या कहाणीचं काय? मराठा पलटणी खरंच तिथे होत्या.

पोलाद
होत्याच. ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या तिबेर खोऱ्यात आणि शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी लढले, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणूनच विक्रेते हे नाव वापरतात, ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो. सेवापुस्तिका, पलटणीचं नाव-क्रमांक, त्या काळातला वस्तूसह फोटो, यातलं काही असेल तर किंमत द्या. नुसत्या तोंडी कहाणीचे शून्य रुपये.

भंडारदरा
सर्वांचे आभार. खंजीर तपासायला मिळाला, निरीक्षणं देतो. टँग : पात्याच्या बुडाला गोल आट्यांचा गज, सांध्यावर निळसर-तपकिरी वलय. मूठ : कड्याखाली तोच नारिंगी, खाचेत शिवण आहे, घासल्यावर कापराचा वास नाही. गरुड : पिसांच्या कडा गोल, हाराजवळ दोन बारीक छिद्रं. पातं निळसर चकचकीत. म्यान मात्र वेगळं वाटतं. चुंबक चिकटतो, दाणे ठसठशीत, पट्ट्यांवरची ओकची पानं सुबक, बाजूंना सरळ खाचेचे दोन स्क्रू, मुलामा काही ठिकाणी उडालेला. आत प्रकाश टाकला तर दोन पट्ट्या दिसतात. पातं त्यात खुळखुळतं. कागदपत्रं काही नाहीत.

धातुशाळा
पातं, मूठ, क्रॉसगार्ड, तिन्ही नवीन. वलय वेल्डच्या उष्णतेचं, चकाकी क्रोमची. वाद नाही.

पोलाद
सहमत. म्यान खरं असण्याची शक्यता चांगली आहे, आणि खुळखुळण्याचं कारणही तेच : स्प्रिंग मूळ पात्याच्या जाडीला बेतलेल्या आहेत. सुटी म्यानं विकली जातात, ज्यांचं मूळ म्यान हरवलंय ते घेतात. पूर्ण खंजिराची किंमत देऊ नका, फक्त म्यानाचा व्यवहार करा.

भंडारदरा
विक्रेता म्यान वेगळं द्यायला तयार आहे. पैसे देण्याआधी आणखी काय बघू?

पोलाद
दोन्ही स्क्रू बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने सोडवून तोंडाचा भाग बाहेर काढा. स्क्रूच्या खाली, जिथे हवा लागत नाही, तिथला मुलामा आणि बाहेरचा मुलामा एकाच रंगाचा आहे का ते पाहा. खाली जुनं पोलाद आणि वर नवी चमक असेल तर पुन्हा मुलामा दिलेला आहे, भाव निम्म्याहून खाली आणा. स्प्रिंगच्या पट्ट्या तोंडाच्या भागाला कशा जोडल्यात त्याचा जवळून फोटो टाका इथे.

रेवदंडा
आणि घेतल्यावर ब्रासो नको. मुलामा पातळ आहे, दोन वेळा घासला की गेला. सुक्या कापडाने पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. पुढे कधी अस्सल सेल्युलॉइड मुठीचा नग आला तर तो मात्र बंद डब्यात ठेवू नका. सेल्युलॉइड कुजताना आम्लधर्मी वाफ सोडतं, ती कोंडली की शेजारचं पातं आणि क्रॉसगार्ड दोन्ही खाते. हवा खेळेल अशा उघड्या कप्प्यात, उन्हापासून लांब.

भंडारदरा
स्क्रू उघडून फोटो टाकतो.